पाचर आणि मिशी

डोळे मिटा पाहू. आता एक मिशी डोळ्यांसमोर आणा. साधीसुधी नको. दोन पांढऱ्या खारी नाकाखाली पाठीला पाठ लावून झोपल्यात आणि त्यांच्या शेपट्या मेण लावून वर वळवल्यात, अशी. आणली? आता तिच्यामागे एक म्हातारा उभा करा. आधी मिशी, मग म्हातारा. एमॉस व्हिकरी कुठेही जायचा तेव्हा याच क्रमाने पोहोचायचा.

एमॉसने उभा जन्म शाळांचे बॉयलर आणि गळके नळ दुरुस्त करण्यात घालवला होता. काम सुटल्यावर त्याला नाद लागला तो जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या नकलांचा. घाट पणजोबांच्या काळचा, बारूद काळी, आणि बार उडायला मागे तांब्याची टोपी. कारखान्यातून नग नवा कोरा येतो, दिसतोही झकास, पण आतून सगळा खरखरीत. मग कानस घ्यायची, तेलदगड घ्यायचा आणि एकेक भाग घासूनपुसून एकमेकांशी नांदायला लावायचा. दक्षिण इंडियानात निम्मी म्हातारी मंडळी हेच करतात. उरलेली निम्मी त्यांच्या बायका. त्या गॅरेजातला पसारा बघून डोक्याला हात लावतात.

एमॉसच्या गॅरेजात त्याची नात ओपलही असे. वय वर्षं अकरा, कान मांजराचे. घोडा मागे ओढताना गोळ्यांचं चाक जागेवर अडकल्याचा 'टिक' आणि घोडा बसल्याचा 'टक' एकाच वेळी ऐकू यायला हवेत. केसभर मागेपुढे झाले तरी ओपलला कळायचं. गॅरेजात नियम एकच होता. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि विचारल्यावरही नग रिकामा आहे का हे आधी दोघांनी बघायचं. ओपलने तो नियम एकदाही मोडला नव्हता. गोष्टीत हे पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

टर्की क्रीक नावाच्या ओढ्याकाठी दर सप्टेंबरात या मंडळींचा मेळावा भरायचा. कुरणाभोवती दोरी बांधलेली असे. दोरीच्या आत पणजोबांनंतरच्या काळातलं काही आणायचं नाही. फोन गाडीत, प्लॅस्टिकच्या बाटल्या गाडीत. एमॉसच्या कवळीवर तर एका वर्षी रीतसर मतदान झालं होतं. ती थोडक्यात बचावली.

मेळाव्याची मुखत्यारी लोरेटा बर्डेटकडे होती. ती दंतवैद्याची विधवा आणि लहानपणी एमॉसच्याच वर्गातली. अंगात घोळदार झगा, डोक्यावर नवऱ्याची हॅट, कमरेला रिव्हॉल्व्हर. तीही नक्कल नव्हे, अस्सल, तिच्या पणजोबांची.

शुक्रवारी एमॉस दोरी ओलांडतो न ओलांडतो तोच ती ओरडली, "आलास? यंदाही कागदांवर ठेवायचं वजनच आणलंयस का?"

"यंदा बघच तू. लोण्यासारखी चालते."

"गेल्या वर्षीही लोणीच होतं. तिसऱ्या बाराला गोठलं!"

शेकोटीभोवतीची मंडळी खो खो हसली. एमॉसचे कान लाल झाले. त्याचे कान लाल झाले की जिभेचा लगाम सुटायचा.

"उद्या पाचही बार सलग काढतो," तो गरजला. चाकाला खोबणी सहा असतात, पण तिथे भरतात पाचच. घोडा सहाव्या, रिकाम्या खोबणीवर टेकवून ठेवायचा, हा रिवाज. "मध्ये एकदा जरी अडली, तरी ही मिशी तुझी!"

"मला काय करायचीय ती? उशीत भरायच्याही लायकीची नाही," लोरेटा म्हणाली. "पण भादरायला आवडेल हं. मेंढ्यांची कात्री आहे माझ्याकडे."

सगळे टाळ्या पिटत होते. ओपलने तेवढ्या वाजवल्या नाहीत. आजोबांचा वरचा ओठ तिने जन्मात पाहिला नव्हता. तान्ही असताना ती म्हणे ती मिशी मुठीत धरूनच झोपायची. आणि रिव्हॉल्व्हर उद्या अडणार, याची तिला पक्की खात्री होती.

का, ते सांगतो. या रिव्हॉल्व्हरचं चाक एका दांड्यावर फिरतं. दांड्याचं टोक नळीखालच्या भोकात शिरतं, आणि दोन्हींतून आडवी पाचर ठोकली की सगळं एकजीव होतं. एमॉस पडला नळवाला. काही सैल दिसलं की आवळायचं, एवढंच त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. पाचर तो लाकडी हातोडीने दणादण ठोकायचा. मग नळी मागे दबायची आणि चाक तिला घासायचं. पाचर जरा सैल केली की नळी त्याच्या कवळीसारखी हलायची. दर वेळी खोलून जोडल्यावर रिव्हॉल्व्हर वेगळीच वागे. एमॉस कधी हवेला दोष द्यायचा, कधी तेलाला. एकदा तर त्याने चंद्राला दोष दिला होता.

ओपलच्या मनात वेगळीच शंका होती. ती लोरेटाच्या तंबूपाशी गेली.

"मिसेस बर्डेट, तुमच्या रिव्हॉल्व्हरच्या पोटात थोडं मेण घालू?"

"आजोबांनी पाठवलं तुला? हेरगिरीला?"

"नाही. त्यांना कळलं तर ते रागावतील."

"मग घाल," लोरेटा खुशीत म्हणाली. "पण आधी हात धू."

दोघींनी नग रिकामा असल्याची खात्री केली. मग ओपलने नळीखालच्या त्या भोकाच्या तळाशी मेणाची गोळी दाबली, लोरेटाने नळी बसवली, पाचर अंगठ्याने सारली आणि पुन्हा काढली. मेणाचा पार पापड झाला होता, पलीकडचं दिसेल इतका पातळ.

"म्हणजे दांडा तळाला टेकतो," ओपल पुटपुटली.

"टेकणारच! टेकल्याशिवाय पाचरीने जोर कशाला लावायचा?" लोरेटाने मेण उजेडात धरलं. "माझा नवरा अख्ख्या गावाच्या दातांचे ठसे असेच मेणात घ्यायचा. तुझ्या आजोबांचेसुद्धा. फार ओरडला होता."

मग ओपल आजोबांकडे गेली, विचारून त्यांच्याही रिव्हॉल्व्हरला तेच केलं, आणि दोन्ही मेणं त्यांच्या पुढ्यात ठेवली. एक पापड, दुसरं दाढेएवढं जाड.

"आजोबा, तुमचा दांडा आखूड आहे. तळाला टेकतच नाही. म्हणून तुम्ही जितकं ठोकाल तितकी नळी मागे येते. तळाशी एक छोटी चकती घातली तर..."

"चकती?" एमॉस उडालाच. "माझ्या रिव्हॉल्व्हरला कवळी बसवू?"

"तुम्ही नाही का बसवली?"

"म्हणूनच तर माहितीय मला कसं वाटतं ते! अगं, पाचर घट्ट ठोकली की झालं. पन्नास वर्षं मी घट्ट करतोय. अजून एकही शाळा फुटलेली नाही."

आता बघा, ओपलला चकती गुपचूप घालता आली असती. रिव्हॉल्व्हर पेटीत होती, पेटी तंबूत, आणि आजोबा बीन्सच्या पातेल्यापाशी कुणाला तरी बॉयलरची हकीकत ऐकवत होते. ती पेटीजवळ जाऊनही आली. पण नियम तो नियम. तिने आपला हात झग्याच्या खिशात कोंबला आणि तिथेच ठेवला.

शनिवारी सकाळी एमॉस रेषेवर उभा राहिला. ओपल मागे बघ्यांत, कानांत कापूस घालून. पहिला बार झाला, धुराचा ढग उठला. दुसरा झाला. तिसऱ्याला घोडा जरा कण्हला. चौथ्यासाठी एमॉसने दोन्ही अंगठे लावले, ओठ चावले, पाय रोवले, आणि घोडा जागचा हलेना.

"गोठलं लोणी!" कुणीतरी ओरडलं.

लोरेटाच्या देखरेखीखाली पाचर सैल झाली, उरलेले बार मातीच्या बांधात गेले, आणि एमॉस बाकावर येऊन बसला. लोरेटाने कात्री काढली. कच्च! उजवी खार बाकाखाली पडली.

"थांब!" एमॉस तेवढ्यात डाव्या बाजूवर हात ठेवून ओरडला. "दुपारी दुसरी फेरी आहे. ही बाजू त्या फेरीवर!"

"पैज अख्ख्या मिशीची होती."

"हो, पण तू अर्ध्यावर थांबलीस ना!"

"तू ओरडलास म्हणून थांबले, मूर्खा!" पण लोरेटा हसत होती. अर्ध्या मिशीचा एमॉस दुपारपर्यंत मेळाव्यात फिरणार, ही कल्पना तिला फारच आवडली. "बरं. दुसरी फेरी."

एमॉस तंबूत आला. एक गाल मिशीचा, एक गाल उघडा, बटाट्यासारखा. ओपलने हसू गिळलं.

"हं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "काय म्हणत होतीस तू त्या मेणाचं?"

"घालायची चकती?"

"विचारतोय ना मी!"

नळवाल्याच्या खिशात पितळी चकती नाही असं होत नाही. एमॉसच्या तर चार निघाल्या. पितळ पणजोबांच्या काळीही होतंच, म्हणून दोरीचा नियमही मोडत नव्हता. दोघांनी नग रिकामा असल्याचं पाहिलं. ओपलने चकती तेलदगडावर घासायला घेतली. ती घासायची, मेणाच्या दाढेशी जाडी ताडून बघायची, पुन्हा घासायची. एमॉसने दोनदा म्हटलं, "दे, मी करतो," आणि दोन्ही वेळा तिने नुसतं त्याच्या हातोडीकडे पाहिलं. शेवटी चकती मेणावर चिकटवून तळाशी बसली. एमॉसने सवयीने हातोडी उचलली.

"अंगठ्याने," ओपल म्हणाली.

त्याने हातोडी खाली ठेवली आणि पाचर अंगठ्याने सारली. चाक फिरलं. टिक आणि टक एकाच वेळी. खोलून पुन्हा जोडली, तरी तसंच.

"चंद्र बदलला वाटतं," एमॉस म्हणाला.

दुपारच्या फेरीला सगळा मेळावा गोळा झाला. नेमबाजी कुणाला बघायची होती? सगळे अर्धी मिशी बघायला आले होते. पण पहिला बार झाला, दुसरा, तिसरा. चौथ्याला घोडा पाण्यासारखा मागे आला. पाचव्यानंतर धुरातून एमॉसची आरोळी ऐकू आली, आणि ती क्रीकपलीकडच्या गाईंनीही ऐकली असणार. निशाणावर एकच भोक होतं, तेही कडेला. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

लोरेटाने पत्र्याचा कर्णा तोंडाला लावला. "डावी बाजू वाचली! ओपल व्हिकरीच्या कारागिरीमुळे!"

"आणि माझ्या नेमामुळे," एमॉसने जोडलं.

"तुझा नेम घाल चुलीत," लोरेटा म्हणाली.

जेवताना एमॉस ताठ मानेने बसला होता. बीन्स झाल्या, मक्याचा पाव झाला, पर्सिमनच्या फळांचं पुडिंगही झालं. त्या तिन्हींचा थोडाथोडा वानोळा डाव्या मिशीत अडकला होता. उजवीकडचा ओठ उघडा होता, आणि त्यावर डास बसत होते. माणसं त्याच्याकडे बघायची आणि ताटावर वाकून खांदे हलवायची.

"आजोबा, ही बाजूही काढून टाकायची का? दोन्हीकडून एकदमच वाढेल."

"मुळीच नाही! ही मी जिंकलेली आहे. ही घेऊन मी चर्चमध्ये जाणार, बाजारात जाणार..." बोलता बोलता त्याने ऐटीत मिशीला पीळ दिला. सवयीने उजवा हातही वर गेला, हवेतच बोटं फिरली, आणि तिथेच थांबली. मग तो हळूच म्हणाला, "फार विचित्र दिसतंय का गं?"

"फार."

एमॉसने डावी बाजू एकदा कुरवाळली आणि होकारार्थी मान हलवली.

ओपल उठली. लोरेटापाशी जाऊन तिने कात्री मागून आणली, झग्याला पुसली आणि म्हणाली, "आजोबा, जरा खाली वाका."