आडवे तास

"वहिनी, बाजूला व्हा! ब्रेक लागले तर लागतील, माझा भरवसा धरू नका!"

थोरली जागची हलली नाही. कमरेवर हात ठेवून ती ट्रॅक्टरच्या तोंडासमोर उभी राहिली. "मग बंदच कर की. ब्रेकचा प्रश्नच मिटला."

ट्रॅक्टरवाल्याला सगळे भोंगा म्हणत, कारण त्याला हळू बोलताच येत नसे. उभा जन्म इंजिनाच्या जोडीनं गेला की माणसाचा घसा तसाच होतो. त्यानं एकदा थोरलीकडे पाहिलं, एकदा बांधावर खुर्ची टाकून बसलेल्या तिच्या सासऱ्यांकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. इंजिन दोनदा कण्हून बंद पडलं.

शेताच्या ऐन मध्यावर, वरच्या बांधापासून खालच्या नाल्यापर्यंत, नांगराचे दोन ताजे तास पडले होते. दोरी धरून ओढावेत तसे सरळ. थोरली बियाणं आणायला बाजारात गेली होती, तेवढ्यात सासऱ्यांनी डाव साधला होता.

"बाबा, हे काय?"

"नांगरट. कधी पाहिली नाहीस का?"

"आपलं ठरलं होतं. यंदा उताराला आडवे तास."

"तुझं ठरलं होतं. मी नुसतं ऐकून घेतलं."

सासऱ्यांचं पहिल्यापासून एकच म्हणणं, माणूस कसा आहे ते त्याच्या तासावरून कळतं. त्यांचे तास सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेले. एकदा शाळेचे मास्तर अख्खा वर्ग घेऊन बांधावर आले होते, रेघ कशी मारावी ते पोरांना दाखवायला. ही गोष्ट सासऱ्यांनी थोरलीला ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सांगितली होती आणि पुढेही विसरल्यासारखं करून वरचेवर सांगत. घर, कपडालत्ता, मुलगे, कशाचाच तोरा या माणसानं कधी मिरवला नाही. रस्त्यानं जाणारा कुणी क्षणभर थांबून शेताकडे बघायचा, तेवढ्यानं त्यांचं पोट भरायचं.

पाऊस पावसासारखा पडत होता तोवर ते खपूनही गेलं. रिमझिम लागायची, दिवसच्या दिवस चालायची आणि माती सावकाश प्यायची. आता तो यायचा दरोडा घालायला. महिना महिना तोंड दाखवायचा नाही आणि मग एका दुपारी सगळाच्या सगळा कोसळायचा. गेल्या वर्षी तशाच एका दुपारी थोरलीनं दारातून पाहिलं, प्रत्येक सरळ तासाची मोरी झाली होती आणि पाणी काळंभोर होऊन धावत होतं. शेत डोळ्यांदेखत चाललं होतं. हाताला लागली ती फळी घेऊन ती पाण्याला आडवी गेली. पाण्यानं फळी नेली आणि तिलाही गुडघ्यावर आणलं. वरच्या अंगाला आता खडक दात काढून बसला होता.

खालच्या शेजाऱ्याचा मका मात्र डोक्याच्या वर गेलेला. आयत्या बिळावर नागोबा! तो भेटला की हमखास म्हणायचा, "तास घालावेत ते काकांनीच." सासरे खूश व्हायचे. थोरलीच्या मनात यायचं, का नाही म्हणणार मेला? इकडची माती घरपोच मिळतेय.

नवरा लांबच्या शहरात कारखान्यात. फोनवर तो आधी म्हणायचा, "माती वाचव," आणि ठेवताना म्हणायचा, "पण बाबांना दुखवू नकोस." दोन्ही डगरींवर हात! लांबून असं बोलायला काय जातं?

"शेत माझं आहे," सासरे म्हणाले.

"तुमचंच आहे. माती तेवढी खालच्याची झालीय. जा, मागून आणा."

"तोंड सांभाळ, सूनबाई."

"तोंड सांभाळू की माती सांभाळू? दोन्ही एकदम जमत नाही मला."

भोंगा फसकन हसला आणि मग खोकला आल्याचं सोंग करत बसला.

"रस्त्यालगतचं शेत आहे," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज आता उतरला होता. "वाकडे तास दिसले की लोक म्हणतील, म्हातारा कामातून गेला. नाहीतर प्यायला लागला."

"म्हणू दे. लोकांच्या म्हणण्यानं कणसं भरत नाहीत. बाबा, वरच्या अंगाला वीतभर माती राहिलीय. आणखी एक तसा पाऊस आला तर पेरायचं कशात? मग ओढत बसा दगडावर सरळ रेघा!" तिचा आवाज फुटला. रागानं की रडू आल्यानं, तिचं तिलाच कळलं नाही. "उभे तासच घालायचे असतील तर ट्रॅक्टर माझ्या अंगावरून न्या. मी हलणार नाही."

मग सासरे उठले, खुर्ची उचलून त्यांनी रस्त्याच्या बाजूला फिरवली आणि शेताला पाठ करून बसले.

"करा काय करायचं ते. मला दाखवू नका म्हणजे झालं."

याला होकार म्हणायचा की नकार, याचा थोरलीनं विचार केला नाही. तिनं धाकट्या जावेला हाक मारली आणि गवंड्याकडून मागून आणलेली नळी सोडवायला घेतली. आरपार दिसणारी लांबलचक नळी, आत पाणी. दोघींनी दोन टोकं जमिनीवर उभी धरायची. दोन्हीकडचं पाणी सारख्या उंचीला आलं की दोघींच्या पायाखालची जमीन एका पातळीत. तिथं दगड ठेवायचा आणि पुढे सरकायचं.

"ताई, माझ्याकडचं पाणी वर आलंय हो," धाकटी म्हणाली.

"म्हणजे तू खाली उभी आहेस. वर सरक."

"या घरात आल्यापासून पहिल्यांदा मला कुणी वर सरक म्हणालं!"

दगडांची रांग उतारावरून वळत वळत गेली. जमीन फुगली तिथं तीही फुगली, जमीन आत गेली तिथं तीही आत गेली. भोंग्यानं कपाळाला हात लावला. "वहिनी, अशी गाडी चालवताना कुणी बघितलं तर माझं लायसन काढून घेतील." पण चालवली त्यानं. मधल्या दोन उभ्या तासांवरून नांगर आडवा गेला तेव्हा थोरलीला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. फार देखणे होते ते. खुर्चीत बसून, नुसत्या हाताच्या खुणेनं बाबांनी ते पाडून घेतले होते.

नांगरट आटोपून भोंगा गेला, धाकटी चहा टाकायला घरी गेली. थोरली फावडं घेऊन बांधाजवळची ढेकळं फोडत होती, तेवढ्यात रस्त्यावर एक सायकल थांबली. सासऱ्यांचा जुना दोस्त होता, त्यांच्या बरोबरीनं नांगर धरलेला आणि त्यांच्याइतकी रेघ कधीच न जमलेला.

"काय रे हे? शेतात साप सोडलेस का?" तो मान उंचावून म्हणाला. "असले तास घातले कुणी? सुनेनं?"

"मी घातले," सासरे म्हणाले.

"तू?"

"मीच. वय झालं. सरळ रेघ जमत नाही आता."

थोरलीच्या हातातलं फावडं थांबलं. ज्या एका गोष्टीवर हा माणूस सारा जन्म ताठ मानेनं जगला, ती त्यानं सायकलवाल्याच्या हवाली केली होती, तिच्या वाटचं हसू आपल्या अंगावर घेण्यासाठी. ती गप्प राहिली असती तर सगळ्यांचंच निभावलं असतं. पण तास तिचे होते.

"खोटं सांगताहेत बाबा!" ती ओरडली. "त्यांची रेघ अजून सरळच येते. हे मी घातलेत. पातळी बघून, दगड मांडून, मी. पुढच्या वर्षीही असेच घालणार. ज्याला हसायचं असेल त्यानं सायकलवरून उतरून हसावं!"

दोस्त काही उतरला नाही. "बरं बाई, बरं," असं पुटपुटत त्यानं पायडल मारलं.

सासरे रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले. मग मान न वळवता म्हणाले, "तुझे आहेत तर नीट घाल. खालून तिसरा तास शेवटाला उतरलाय. पाणी तिथून निसटेल."

शेताला पाठ करून बसलेल्या माणसाला ते कधी दिसलं, हे तिनं विचारलं नाही. ती खाली गेली, वाकून बघितलं. तास खरंच उतरला होता. तिनं फावड्यानं माती ओढली, तोंडाशी भर घातली आणि दोन्ही पायांनी दाबून दाबून ती घट्ट केली.