डावीकडे शून्य

गोटीरामने तीन जातींच्या स्प्रिंगा टेबलावर ओळीने उभ्या केल्या आणि पान्याने एकेकीवर टकटक केली. वाल्मीकरावांनी पुढे होऊन मधल्या स्प्रिंगेवर दोन्ही तळहात ठेवले आणि अंगातला सगळा जोर लावून दाबून पाहिलं. ती तसूभरही हलली नाही.

"काका, गादी हाय का ती?" गोटीराम हसला. "तिच्यावर अख्खी गाडी बसते."

वाल्मीकरावही हसले. महेश हसला नाही. तो तिसऱ्या स्प्रिंगेकडे बघत होता.

"ही पहिली कंपनीची, आत्ता तुमच्या गाडीत हाय ती," गोटीराम सांगू लागला. "ही दुसरी जरा कडक. सोबत नवे शॉकप टाकले की गाडी वळणावर झुकत नाय, खड्ड्यात आदळत नाय. रोजच्या रस्त्याला हीच. आणि हा तिसरा पूर्ण सेट. रिंगा फिरवून गाडी पाहिजे तेवढी खाली बसवा. दिसायला एक नंबर. पण शहरात हाडं खिळखिळी होतील, आधीच सांगून ठेवतो."

"मधलंच घे रे," वाल्मीकराव म्हणाले.

"आण्णा, प्लीज," महेशने वडिलांना अडवलं.

त्यांना कोणी विचारलं नव्हतं, हे खरंच. पण दिवाळीच्या तोंडावर हा गॅरेजवाला कुणाचंच काम हातात घेत नव्हता आणि महेशचं घेतलं ते वाल्मीकरावांच्या शब्दाखातर. गोटीरामचे वडील आणि ते, दोघांनी नोटांच्या प्रेसमध्ये एकाच पाळीत नोकरी काढलेली. तेवढ्या ओळखीवर एक वाक्य बोलायचा हक्क नसावा माणसाला?

गाडी बाहेर उन्हात उभी होती. लाल, बुटकी, दोनच सीटांची. महेशने ती मुंबईहून जुनी विकत आणली त्याला दोन-तीन आठवडे झाले होते आणि तेवढ्या दिवसांत वाल्मीकरावांनी तिच्याभोवती प्रदक्षिणा घातल्या होत्या, फडक्याने पुसली होती, कॉलनीतल्या पोरांना तिच्यापासून हाकललं होतं. आत मात्र ते अजून बसले नव्हते. आजही महेश ऑफिसातून परस्पर आला. "तुम्ही द्वारका सर्कलला या, मी तिथेच भेटतो," म्हणाला. आले बिचारे शेअर रिक्षाने. जाताना तर गाडीतूनच जाऊ, असा त्यांचा हिशेब.

आणि भाऊबीजेला दिंडोरीला. ते तर ठरलेलंच होतं. गाडी आली त्याच दिवशी महेश बोलून गेला होता, "आत्याकडे हिच्यातूनच जाऊ, आण्णा." वाल्मीकरावांनी लगेच बहिणीला फोन लावला. वत्सलाबाईंनी गल्लीभर सांगितलं, आणि गाडी दाराशी लागावी म्हणून अंगणातली ट्रॅक्टरची ट्रॉली काढून मळ्यात नेऊन लावायला लावली. एवढा सगळा घाट घातला गेला होता. आज घरून निघताना सिंधुबाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या होत्या, "कंबर सांभाळा. असल्या गाडीत धक्के लय बसतात म्हणे."

"तिसरा टाका," महेश गोटीरामला म्हणाला.

"रस्त्यावरच चालवणार ना, महेशभाऊ? का कुठं रेसला?"

"रस्त्यावरच. पण मला कडकच पाहिजे."

"घे बाबा, तुला आवडतं तर घे," वाल्मीकरावांनी हातातली पिशवी थोपटली. "माझी काळजी करू नका. मी टॉवेल आणलाय. घडी करून खाली घेईन."

महेशने मोबाइल काढून कुणाला तरी मेसेज करायला घेतला. लहानपणी तो वाल्मीकरावांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायचा, तेव्हा दांडीलाही असाच टॉवेल गुंडाळलेला असायचा. पोराच्या मांडीला टोचू नये म्हणून. वाल्मीकरावांना ते आठवलं, पण चारचौघांत काय बोलायचं?

काम दुपारभर चाललं. वाल्मीकराव लाकडी बाकावर बसून होते. गोटीरामच्या माणसाने दोनदा चहा दिला, तो त्यांनी घेतला. महेश गाडीजवळून हलला नाही. जॅक काढला आणि गाडी चाकांवर आली, तेव्हा ती अशी खाली बसली होती की खालून मांजर जाणंसुद्धा अवघड. महेशच्या तोंडावर असं हसू वाल्मीकरावांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

"आता माप," गोटीराम म्हणाला. चाक आणि त्याच्यावरचा पत्रा यांच्या फटीत तो बोटं घालून बघत होता. "रिकामी गाडी मापून उपयोग नाय. रोज जेवढी माणसं बसणार तेवढं वजन आत बसवायचं आणि मग रिंगा फिरवून गाडी सपाट करायची. नायतर माणूस बसला की ती एका अंगाला कलते. मागं एक जण बायकोला घेऊन आला होता. तिनं वजन सांगायलाच नकार दिला. शेवटी आत बसवली, तेव्हा कुठं काम झालं."

तो उठला आणि हात पुसत म्हणाला, "बोला, डावीकडे किती धरू?"

वाल्मीकरावांनी चपला काढल्या. बाकाजवळ नीट जोडून ठेवल्या, पिशवी काखेत मारली आणि अनवाणी डाव्या दरवाज्यापाशी गेले. गॅरेजची फरशी तापलेली होती. त्यांनी दाराला हात घातला.

"शून्य धरा," महेश म्हणाला.

गोटीरामने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा पोराकडे.

"शून्य कसं? काका म्हणत होते, भाऊबीजेला दिंडोरीला..."

"भाऊबीजेला आमचा ग्रुप इगतपुरीला चाललाय, सगळे आपापल्या गाड्या घेऊन. आण्णा, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं." महेश फटीकडे बघत बोलत होता. "सीबीएस स्टँडवरून दिंडोरीला सारख्या एसट्या असतात. आणि ह्या सेटवर तुमची कंबर टिकणार आहे का? तुमच्यासाठीच म्हणतोय."

तुमच्यासाठीच! जाऊ हा शब्द तुझाच होता ना रे, असं विचारावं, इथेच, ह्या गॅरेजवाल्यादेखत विचारावं, असं वाल्मीकरावांना वाटलं. वत्सीने ट्रॉली हलवली, तिला आता काय तोंड दाखवू, हेही विचारावं. त्यांनी दारावरचा हात काढून घेतला.

"बरं," ते म्हणाले.

परत बाकाशी येऊन त्यांनी एक चप्पल उचलली आणि आपटून झटकली.

"खडा गेला होता," ते गोटीरामला म्हणाले. चपलेतून काहीच पडलं नाही.

"आण्णा," महेशने हाक मारली. त्याचा आवाज एकदम मवाळ झाला होता. वाल्मीकरावांनी चटकन वळून पाहिलं. "चपला काढल्याच आहेत तर जरा उजवीकडे बसता का? माझ्या जागेवर. मला बाहेरून बघायचंय, कशी बसते ते."

नाही म्हणता आलं असतं. पण ते बसले. पाय इतके लांब पसरावे लागले की आडवं झाल्यासारखं वाटलं. गोटीरामने वाकून पाहिलं आणि मान हलवली.

"काका, महेशभाऊंपेक्षा तुम्ही हलके भरता. हे घ्या मांडीवर." त्याने हत्यारांची लोखंडी पेटी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. "आता हलू नका बरं का. बिलकूल हलू नका."

वाल्मीकराव हलले नाहीत. दोन्ही हातांनी पेटी धरून ते समोरच्या काचेतून भिंतीवरचं टायरचं कॅलेंडर बघत राहिले. चाकाशी रिंग करकरत फिरत होती. महेश गाडीभोवती फिरून फोटो काढत होता.

"मस्त!" तो ओरडला. "एकदम मस्त! आण्णा, डोकं जरा मागे घ्या, काचेत दिसतंय."

त्यांनी डोकं मागे घेतलं.

निघताना महेशने डाव्या सीटवर ऑफिसची बॅग ठेवली. "मी हायवेला एक राउंड मारून येतो, आण्णा. आत्ताच सेट केलीय, लगेच जास्त वजन नको. तुम्ही निघा." गाडी गॅरेजच्या उंबऱ्यावरून तिरकी होत अलगद उतरली आणि पुलाकडे निघून गेली.

"बसा ना काका, चहा सांगतो," गोटीराम म्हणाला.

"नको रे. लय झाला चहा."

द्वारकेच्या कोपऱ्यावर रिक्षावाला ओरडत होता, "नाशिक रोड, नाशिक रोड! एक सीट! एक सीट बाकी हाय, या काका!" मागे तिघे बसलेलेच होते. "सरका हो जरा, सीट आली," त्याने दटावलं. ते तिघे कुरकुरत सरकले आणि वाल्मीकरावांपुरती जागा झाली.

घरी पोचले तेव्हा सिंधुबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या पाठीमागे गल्लीत नजर टाकली, मग पिशवी हातात घेतली.

"बसले का मग गाडीत?"

"बसलो की. महेशच्याच जागेवर बसलो."

"काय सांगता!" त्यांचा चेहरा खुलला. पिशवीतून टॉवेल निघाला, सकाळी घातलेल्या घडीतलाच. "हा तर तसाच हाय. कंबर नाय ना दुखली? धक्के बसले का?"

वाल्मीकरावांनी चपला काढून जोडून ठेवल्या.

"धक्का कसला? गाडी जागची हललीच नाय." ते खुर्चीत टेकले. "वत्सीला फोन लाव. म्हणावं, ट्रॉली आणून अंगणात लावून टाक."