केबिनच्या दिव्याचा जोड

मिस्त्रीच्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. बातमी फोनवर आली. पण सांगायची कुणाला? बायको जाऊन तीन वर्षं झालेली. शेवटी मिस्त्रीनं टेबलावर उघडून ठेवलेल्या पंपालाच सांगितलं, "आजोबा झालो रे," आणि पाना उचलला.

त्याच आठवड्यात दारात हातगाडी थांबली. गाडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेलं पिंप, पिंपात बोटीचं लहानसं इंजिन, आणि गाडीमागे धाकटा भाऊ.

पाच वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. आई गेली त्या दिवशी धाकटा समुद्रात होता. तो परतला तेव्हा मिस्त्री चार माणसांत बोलून गेला, "याला आईपेक्षा जाळं मोठं." बोलला आणि त्याचीच जीभ पोळली. पण तोंडातून सुटलेला शब्द कुणाला परत गिळता आलाय?

"बोट बुडाली," धाकटा म्हणाला. "धक्क्यालाच. तळाचा पाइप निसटला."

"मशीन बुडालं म्हणून भाऊ आठवला. मी बुडालो असतो तर?"

"तुला पोहता येतं."

मिस्त्रीनं पिंपात बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी गोडं होतं.

"सुकू नाही दिलंस?"

"अण्णा ओरडले असते."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. खाऱ्यातून काढलेलं इंजिन वाळलं की गंज धरतो, म्हणून खोलेपर्यंत ते गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं, हे अण्णांनीच दोघांना शिकवलेलं. मिस्त्रीनं कोपऱ्यातलं दुसरं स्टूल फडक्यानं पुसलं. बऱ्याच दिवसांची धूळ होती.

चार दिवस दोघं राबले. दुधाळ झालेलं ऑइल काढलं, इंजिन हातानं फिरवून आतलं पाणी उडवलं, डिझेलनं पुन्हा पुन्हा धुतलं. स्टार्टर खोलून गरम पाण्यात खळबळवला आणि बल्बाच्या उबेला वाळत ठेवला. बोलणं कामापुरतंच. "तेरा नंबरचा पाना दे." "धर." दुपारी मिस्त्री भात टाकायचा, दोन माणसांचा. अंदाज चुकायचा, भात उरायचा. ते उरणंही त्याला गोड वाटायचं. आईबद्दलचं ते वाक्य रोज ओठांपर्यंत यायचं आणि घासाबरोबर खाली जायचं.

चौथ्या दिवशी दोघं धक्क्याला वर काढलेल्या बोटीवर गेले. इंजिन बसवलं आणि वायरिंग हातात घेतलं. काळी पडलेली तार कापत जायची, तांबं लाल दिसेपर्यंत. मग जोड धुवायचा, वाळवायचा, ग्रीस लावून बंद करायचा. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढतं आणि दोन महिन्यांत जोड हिरवा पडतो.

शेवटचा जोड केबिनमधल्या छोट्या दिव्याचा होता. धाकटा बाहेर दोर आवरत होता. मिस्त्रीनं तो जोड नुसता फडक्यानं पुसला आणि बंद केला. धुतला नाही, ग्रीसही लावलं नाही. चाळीस वर्षांत असं काम त्यानं कधी केलं नव्हतं.

इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. "येतो," धाकटा म्हणाला आणि गेला. मिस्त्री घरी येऊन एकट्यापुरता भात टाकून बसला.

दोन महिने त्यानं दिवस मोजले. अडीच महिन्यांनी धाकटा दारात उभा.

"केबिनचा दिवा गेलाय, दादा."

"आणलास का बरोबर?"

"दिवा कसा आणू? तूच चल."

मिस्त्री गेला, जोड खरवडला, पुन्हा तसाच बंद केला. त्या दिवशी धाकटा जेवून गेला. मग दर दोन-तीन महिन्यांनी दिवा जायचा. मधले दिवस मिस्त्री पंपांशी बोलायचा.

चार वर्षं असं चाललं. एकदा जोड उघडता उघडता मिस्त्री खाली मान घालून म्हणाला, "आईच्या वेळी मी बोललो ते चुकलंच."

धाकटा पाण्याकडे पाहत म्हणाला, "बंद कर आता. आणि ग्रीस लावू नकोस हं."

मिस्त्रीनं मान वर केली.

"अण्णांनी मलाही शिकवलंय," धाकटा म्हणाला.

त्यानंतर दिवा एकदाच गेला. जुळी शाळेत जायला लागली त्या वर्षी, मार्चच्या आठ तारखेला सकाळी, छातीत कळ येऊन धाकटा भाऊ वारला. एकोणसाठ वर्षांचा होता.