कच्च्या टाक्यावरचा तंबू

कात्री हे नाव तिला मैत्रिणींनी ठेवलं होतं. निम्मं धंद्यावरून, निम्मं जिभेवरून. गल्लीच्या तोंडाशी तिचं शिवणाचं दुकान होतं. एके काळी तिथे उभं राहायला जागा नसायची. आता लोक तयार कपडे घेत आणि तिच्याकडे यायचे ते चेन बदलायला, नाहीतर पँट आखूड करायला. मुलगा दर फोनला म्हणायचा, "आई, आता पुरे झालं. महिनाअखेरीला दुकान बंद कर आणि इकडे ये." त्याने घरातली मागची खोली रिकामीही करून ठेवली होती. खोली चांगली होती, खिडकी होती. फक्त तिच्यात शिलाई मशीन मावत नव्हतं, आणि हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

म्हणून हा तंबू. डोंगरात जाणाऱ्यांचं सामान विकणारा एक दुकानदार चार गल्ल्या पलीकडे होता. कात्री त्याच्याकडे काम मागायला गेली तेव्हा तो म्हणाला, "एक नमुना शिवा, ताई. वरच्या पठारावर त्यात एक रात्र काढा. तंबू धड खाली आला, तर हंगामाचं सगळं काम तुमचं."

एकटीने कसली रात्र काढायची! शाळेपासूनच्या दोन मैत्रिणी लगेच तयार झाल्या. एक लांबी. ती टॅक्सी चालवायची, आणि गाडीच्या टपाला डोकं लागतं म्हणून गेली कित्येक वर्षं वाकडी मान करून बसायची. दुसरी डॉक्टरीण, पण जनावरांची. वाटेत गाय दिसली की ही थांबलीच, तिचे खूर बघायला.

टॅक्सी पायथ्याशी ठेवून तिघी चढायला लागल्या. पहिल्याच वळणावर लांबी दगडावर बसली.

"गाडी वरपर्यंत जात नाही हा रस्त्याचा दोष आहे," ती धापा टाकत म्हणाली.

"तुझ्या गुडघ्यांचा आहे," डॉक्टरीण म्हणाली. "गाय असतीस तर औषध दिलं असतं."

"आणि गप्प राहायचं औषध असेल तर ते हिला दे," लांबीने कात्रीकडे बोट केलं.

पण कात्री तशीही गप्पच होती. तंबू तिच्याच पाठीवर होता. दुसऱ्या कुणाला तिने हात लावू दिला नव्हता.

ऊन उतरायच्या आत त्या पठारावर पोचल्या. तंबू उभा राहिला तेव्हा कात्री सासूच्या नजरेने त्याच्याभोवती फिरली. कुठे चुणी नाही, कुठे झोळ नाही. जरा हुश्श करून तिने स्टोव्हवर चहा टाकला. तेवढ्यात खिंडीतून वारा आला, तंबूने पोट फुगवलं आणि चर्रर्र आवाज झाला.

तंबूची पायाकडची भिंत वरपासून खालपर्यंत उघडी पडली होती.

कात्री गुडघ्यावर बसली. फाटलेल्या कडेला आतल्या बाजूने पांढरा दोरा लोंबत होता. तंबू हिरवा, त्याची शिलाई हिरवी, आणि हा दोरा पांढरा. बघितल्याबरोबर तिच्या सगळं लक्षात आलं.

"कच्चा टाका," ती म्हणाली. "ही बाजू मी पक्की केलीच नाही."

"अगं, विसरलीस कशी?" डॉक्टरिणीने विचारलं.

"विसरले नाही. थांबले होते. माणसाने अंगात घालून बघितल्याशिवाय मी आयुष्यात पक्की शिलाई मारलेली नाही. म्हटलं, लांबीला दुकानात आडवं करावं, माप बघावं, मग मशीन मारावं."

लांबीचा रिकामा कप हवेतच राहिला. "मंगळवारी बोलावलं होतंस ते ह्यासाठी? मला वाटलं, चहाला! तेव्हा मला विमानतळाचं भाडं मिळालं होतं."

"तू आली नाहीस. मग लग्नाचे कपडे घेऊन कुणीतरी आलं, आणि मी तंबू घडी करून ठेवून दिला." तिने दोरा बोटाला गुंडाळला. "संपलं. आता मागची खोली."

असा आवाज त्या दोघींनी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. डॉक्टरीण खाली बसली. "खोलीचं खाली गेल्यावर बघू. ट्रायल राहिलीय ना? मग घे की. गिऱ्हाईक समोर आहे."

"मला आत घालता?" लांबी पुटपुटली, पण बूट काढून आत शिरली आणि आडवी झाली. कात्रीने भिंतीच्या दोन्ही कडा जिथे शिवण यायची तिथे जुळवून धरल्या. लांबीची पावलं घोट्यापर्यंत बाहेर राहिली.

बाहेरच्या दोघी त्या पावलांकडे बघत राहिल्या.

"हे मशीनने पक्कं केलं असतंस," डॉक्टरीण म्हणाली, "तर ही रात्रभर दारातून पाय बाहेर काढून, मोजे वाळत घालून झोपली असती."

कात्रीने मानेमागे हात नेला. कोटाच्या कॉलरमागे सुई टोचलेली होती, ती तिथे कायमचीच असे. खिशात जाड दोऱ्याचं रीळ होतं. आत दुमडून ठेवलेलं जादा कापड तिने दोन्हीकडून सोडलं आणि आतल्या माणसावर खेकसली, "हलू नकोस!" डॉक्टरीण कापड ताणून धरत होती. तिच्या पिशवीतल्या मेणबत्तीवर दोरा ओढायचा आणि टाका घालायचा, ओढायचा आणि घालायचा. वारा कापड हिसकत होता, बोटं बधिर होत होती. उजेड जायच्या आत शेवटची गाठ बसली. मग पाणी शिरू नये म्हणून शिवणीवर बाहेरून मेण घासलं. स्टोव्हवरचा चहा केव्हाच आटून काळा झाला होता.

रात्री पाऊस येऊन गेला. सकाळी कात्रीने सगळ्यात आधी लांबीचे मोजे चाचपले. कोरडे होते.

"दुकानदाराला काही सांगू नकोस," उतरताना लांबी म्हणाली. "तंबू धड खाली आला. एवढंच विचारलं होतं त्याने."

"बघू," कात्री म्हणाली.

दुकानदाराने तंबू काउंटरवर पसरला. एकेक शिवण बोटाने चाचपत तो पायाकडच्या भिंतीशी आला आणि थांबला. "ही हाताची?"

मागे उभ्या असलेल्या लांबीने जोरात खोकून बघितलं.

"वर उसवली," कात्री म्हणाली. "कच्च्या टाक्यावर होती, चूक माझी. तिथेच बसून शिवली. आखूडही होती, ती वाढवली."

त्याने शिवण दोन्ही हातांनी धरून ओढली. मग पाय काउंटरला टेकवून ओढली. दोरा जागचा हलला नाही.

"नव्या तंबूंचं काम नाही देता येणार, ताई," तो म्हणाला. "पहिल्या वाऱ्यात उसवलेला नमुना मी गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडाने दाखवू?"

कात्रीने मान हलवली आणि तंबूची घडी घालायला घेतली.

"थांबा हो. माझं व्हायचंय बोलून." त्याने मागचं दार उघडलं. आत फाटके तंबू, उसवलेल्या पिशव्या, तुटक्या चेनी छतापर्यंत रचून ठेवल्या होत्या. "लोक परत आणून टाकतात. हे शिवायला कुणी बसत नाही. तुम्ही बसाल?"

कात्रीने वरचीच पिशवी उचलली, उलटी केली, शिवण बघितली.

"शिवलंय कुणी हे?" ती म्हणाली. "हात मोडले होते का त्याचे?"

"आली गं आमची कात्री!" लांबी म्हणाली, आणि टॅक्सीची डिकी उघडायला गेली.

मुलाचा फोन आला तेव्हा कात्री मशीनवर होती. खोलीचं काय करायचं, त्याने विचारलं.

"पोरांना दे खेळायला," ती म्हणाली. "आणि तुझी ती ऑफिसची बॅग, जिची चेन तुटलीय, ती पाठव इकडे."