कातड्याची ऊब

दमट दिवशी टेबरचे कातडे जवभर खाली बसते. त्यावर आडवी ताणलेली आतड्याची तार मग कातड्याला बिलगत नाही, आणि काठी पडली की झर्र होण्याऐवजी नुसते धप्प होते. उपाय साधा आहे. हा हातभर ढोल निखाऱ्यांपासून दोन विती दूर धरायचा आणि तीनदा ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायचे. तिसऱ्या ‘आमेन’ला कातडे चढलेले असते.

गावच्या वादकाने, हॅमो टेबररने, गेल्या सहा वर्षांत हा उपाय केला नव्हता. आजही तो सभागृहाच्या बाकावर टेबर अंगरख्याखाली पोटाशी धरून बसला होता.

“काय रे, अंडी उबवतोयस होय?” कोलने विचारले. कोल हा गढीवरचा नवा वादक. त्याच्या कमरेला नेकरांची जोडी लटकत असे. नगाऱ्याचीच धाकटी भावंडे, वाडग्याएवढी. “समोर एवढी आग धडाडतेय. धर की जरा तिच्यापुढे.”

“नको.”

“एकच ढोल, तोही गारठलेला! माझ्याकडे बघ, चांगले दोन आहेत.”

“म्हणूनच तंगड्या फाकवून चालतोस.”

समोरच्या बाकावर बसलेले पंच खो खो हसले. हॅमो हसला नाही. दाराशी सॅबिन आली होती.

दर तीन आठवड्यांनी इथे न्यायसभा बसे, आणि टेबररने तीन फेऱ्या वाजवल्याशिवाय ती सुरू होत नसे. त्याबद्दल गाव त्याला निळा अंगरखा आणि रोजची भाकरी देई. त्याचे आणखी एक काम होते. कुणाला शिक्षा झाली की त्या माणसाच्या पुढे बाजारभर वाजवत चालायचे, म्हणजे लोक दारात येऊन बघतील.

सॅबिन त्याच्या शेजारी टेकली. गावात तिच्या हातच्या बियरसारखी बियर नव्हती, असे अजून म्हणत. आज ती पुन्हा बियर गाळायची परवानगी मागायला आली होती.

“ऐक रे,” ती म्हणाली. “तुला म्हणून सांगते. निखाऱ्यांवर मी झाकण ठेवलं होतं, हे माझ्या हाताला अजून आठवतं. त्याचं वजनसुद्धा आठवतं. पण आग तर लागली. म्हणजे हातच खोटं बोलतोय ना? आता चूल झाकली की तीन-तीनदा उठून बघते. सून म्हणते, म्हातारीला वेड लागलंय.”

“होईल नीट सगळं.”

“मला बाजारभर फिरवलं त्या दिवशी तू मुद्दाम सावकाश चाललास. माझा गुडघा दुखत होता म्हणून. मी विसरले नाही हो.”

हॅमोने टेबर अंगरख्याखाली आणखी आत ओढला. तो सावकाश चालला होता, कारण त्याचे पाय उचलत नव्हते.

सहा वर्षांपूर्वी पिंपे करणाऱ्याच्या मुलीचे लग्न होते. संध्याकाळी धुके उतरले आणि टेबर धप्प वाजू लागला. समोरच सॅबिनची भट्टी होती. निखारे राखेखाली सारून, वर मातीचे झाकण ठेवून ती शेवटची घागर लग्नघरी पोचवायला गेली होती. हॅमो आत गेला. झाकण उचलून त्याने भिंतीला टेकवले, राख बाजूला केली आणि टेबर धरला. दुसऱ्या प्रार्थनेच्या अर्ध्यावर कुणीतरी ओरडले, “हॅमो, अरे नवरी उभी राहिलीय!” तो तसाच धावला.

झाकणाची आठवण त्याला तिसऱ्या नाचात झाली. तोंडात पावा होता, उजव्या हातात काठी. नाच संपला की जाऊ, असे त्याने ठरवले. तो नाच त्याने पुरा वाजवला. संपला तेव्हा भट्टीचे छप्पर पेटले होते. भट्टीबरोबर चार घरे गेली.

न्यायसभेने सॅबिनची भट्टी कायमची बंद केली आणि तेच झाकण तिच्या गळ्यात बांधून तिला बाजारभर फिरवले. हॅमो पुढे होता. हवा कोरडी होती. टेबर इतका सुरेख कधीच वाजला नव्हता.

आज त्याने तीन फेऱ्या वाजवल्या. धप्प, धप्प. न्यायसभा चालवणारे कारभारी उठले.

“सॅबिन, गावाला बियर हवी आहे. पंचांची हरकत नाही. फक्त एक अट. आग तुझ्या हलगर्जीपणानं लागली, हे तू आजवर एकदाही कबूल केलेलं नाहीस. ग्रंथावर हात ठेवून तेवढं म्हण, आणि उद्यापासून भट्टी पेटव.”

“आग माझ्या भट्टीतून लागली, धनी.”

“ते नाही विचारलं. झाकण तू ठेवलं नव्हतंस, असं म्हण.”

हॅमोला वाटले, सुटलो. ती एक वाक्य बोलेल, तिला भट्टी मिळेल, चार लोक खूश होतील. आपण बोललो तर अंगरखा जाईल, भाकरी जाईल, आणि बाजारातून आपल्यापुढे कोल वाजवत चालेल. गप्प राहण्यात या वेळी तिचेही भलेच होते. सहा वर्षांत असा चोख हिशोब त्याला प्रथमच सापडला होता.

सॅबिनने हात ग्रंथावर ठेवला. तळवा उचलून तिने एकदा त्या तळव्याकडेच पाहिले, जणू त्यालाच काही विचारत होती. मग पुन्हा टेकवला.

“झाकण मी…” ती थांबली. “मी ठेवलं…”

“नव्हतं, म्हण,” कारभारी मऊपणे म्हणाले. “लवकर आटप, बाई.”

टेबर बाकावर ठेवून हॅमो उभा राहिला. त्याला कुणी बोलावले नव्हते. कोल हळूच म्हणाला, “बस खाली, तुझं वाजवून झालंय.”

“धनी,” हॅमो म्हणाला, “तिला खोटी शपथ घ्यायला लावू नका. तिनं झाकण ठेवलं होतं. ते काढलं मी.”