फाटकावरचा पहारा

आमच्या डोंगराकडचे लोक मेल्यावरसुद्धा उशिरा पोचतात, असं गिरणीकडचे म्हणतात. आईच्या वेळी ते अगदी खरं ठरणार होतं, आणि चूक आमचीच होती.

अर्ध्या वाटेवर दगडांची रास आहे. तिथे शवपेटी टेकवायची, व्हिस्कीचा घोट घ्यायचा, राशीवर एकेक दगड ठेवायचा आणि निघायचं, ही रीत. पण माझा मेव्हणा ईवन एका घोटावर भागवणारा नव्हे! बाटली तिसऱ्यांदा फिरत होती, तेवढ्यात बाबा ओरडले. दरीच्या पलीकडच्या अंगाने गिरणीकडची माणसं काळ्या कपड्यांत भराभरा उतरत होती.

"म्हातारा गिरणीवाला असणार," ईवन म्हणाला. "सुटला एकदाचा खवट."

"तोंड आवर आणि उचल!" मी खेकसलो.

सगळ्या गावांना मिळून एकच चर्च, एकच दफनभूमी. जो शेवटी पुरला जातो, त्याच्या आत्म्याने फाटकावर पहारा द्यायचा. पुढचं मढं येईपर्यंत. पाऊस असो, बर्फ असो, सुटका नाही. माझी आई जन्मभर दुसऱ्यांसाठी दार धरून उभी राहिली. आता तरी तिने आत जाऊन निवांत पडावं, एवढंच मला हवं होतं.

आम्ही धावलो. चिखलात ईवनचा पाय घसरला, पेटी कलंडली आणि आत काहीतरी सरकलं. "माफ कर गं आई," म्हणत मी पेटी सावरली.

फाटकाशी आम्ही एकदमच पोचलो. मी आधी पाय आत रोवला. "मागे व्हा! मागच्या खेपेला काठ्या चालवल्यात, आज एकेकाची हाडं मोडीन!"

कोणी काठी उगारली नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. मग माणसं बाजूला झाली आणि गिरणीवाल्याचा मुलगा मर्डो पुढे आला. त्याच्या काखेत एक छोटी पेटी होती.

"माझी धाकटी लेक," तो म्हणाला. "अंधाराला घाबरते रे ती, टोरक्विल."

माझा मेला पाय हलेना. खोटं कशाला बोलू, मला हलवायचाच नव्हता.

बाबांनी माझ्या छातीवर हात ठेवला. "बाजूला हो."

"आणि आई? गावात कोणाला साधा खोकला नाही, बाबा! किती दिवस उभी राहील ती?"

"तुझी आई त्या पोरीला दारात उभी करून आत गेली असती का?"

मी आईच्या पेटीकडे पाहिलं.

"आणि मी आहे ना," बाबा हळूच म्हणाले. "फार नाही थांबवणार तिला. माझी वाट बघायची सवय आहे तिला."

मी पाय काढला आणि मर्डोला आत जाऊ दिलं.