रोदान्थीचा नेम

आमच्या घरातल्या पुरुषांच्या गळ्यात मी शिवलेला ताईत असतो. मला सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं. मेणाची गोळी, तिच्यात क्रुसाच्या सणाला देवळातून आणलेली सब्ज्याची काडी आणि आमच्या पेटीतल्या पवित्र लाकडाची मोहरीएवढी ढलपी. वरून काळं कापड. टाका इतका बारीक की शोधायला बसलात तर डोळे जातील. क्रीटच्या या आमच्या डोंगरात सगळे मानतात की हा ताईत गळ्यात असला की गोळी लागत नाही. येते, आणि जवळ आली की वळून जाते.

मी स्वतःहून असं कधी म्हटलं नाही. पण कुणी म्हणालं तर त्याचं तोंडही धरायला गेले नाही. जर्मन आले तेव्हा माझा नवरा सगळं युद्ध डोंगरात काढून परत आला, अंगावर साधा ओरखडा नाही. तेव्हापासून बाया कापडाचे तुकडे घेऊन माझ्या दारात येतात, आणि चर्चमध्ये मला पुढची जागा मिळते. ती जागा मला आवडते. खोटं कशाला बोलू?

माझा नातू मानूसोस. त्याचा बाप समुद्रानं नेला, आई दुसरा संसार करून शहरात गेली, पोराला वाढवलं मी. त्याचं गारिफालियाशी लग्न झालं ते या उन्हाळ्यात. चर्चमधून वरात आमच्या अंगणात आली आणि पुरुषांनी पिस्तुलं काढली. लग्नात हवेत बार काढले नाहीत तर आमच्याकडे लोक विचारतात, कोण मेलं म्हणून. मानूसोस फाटकाशी उभा होता. त्याच्या डाव्या अंगाला, जरा मागे, सिफिस राकीच्या दारूचे पेले भरत होता. आणि सिफिसचा थोरला भाऊ स्त्रातिस समोरच्या गडग्यावर चढून नाचत होता, एका हातात पिस्तूल, दुसऱ्यात बाटली.

गडग्याचा एक दगड सुटला. स्त्रातिसचा तोल गेला, हात खाली आला आणि बार झाला.

 सिफिसनं हातातली बाटली आधी नीट खाली ठेवली, आणि मग तो तिच्याशेजारी बसला, आणि मग आडवा झाला.

या दोघांची आई रोदान्थी. सिफिसला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून मी काढलं होतं. आमच्यात मुलाला पाण्यातून काढणारी आणि त्याची आई या सख्ख्या बहिणींहून जवळच्या. चुलीवरचं काही गोड झालं की माझ्या घरून तिच्याकडे आणि तिच्या घरून माझ्याकडे, असं आमचं उभं आयुष्य गेलेलं. सिफिसच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी गहू शिजवून, साखर पसरून, वर बदामांचा क्रूस काढून ताट पाठवलं. ताट तसंच परत आलं. एक बदामसुद्धा हललेला नव्हता.

त्यामागोमाग आला आन्द्रुलिस. सिफिसचा चुलता. मोठ्या मिशा, मोठा आवाज, बाकी काही नाही. माझ्या स्वयंपाकघरात बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

"अनेझिना, स्त्रातिसनं पोलिसांना सांगितलंय, आणि आम्हालाही. पाय घसरला तेव्हा नळी मानूसोसच्या छातीवर होती. गोळी सुटली ती त्याच्याकडे. त्याच्यापाशी गेली आणि वळली. वळून आमच्या सिफिसमध्ये शिरली. त्यानं डोळ्यांनी पाहिली."

"गोळी पाहिली? माशी आहे का ती?"

"मानूसोसच्या गळ्यात ताईत होता की नाही?"

"होता."

"तू शिवलेला?"

"नाहीतर काय तू शिवलास?"

"मग गोळी तू वळवलीस. मरण तुमच्या दारात आलं होतं, ते तू आमच्या दारात ढकललंस. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना व्हायच्या आत मानूसोसनं बेट सोडायचं, आणि पुन्हा यायचं नाही. नाहीतर जिथे दिसेल तिथे."

मी भांडी घासत होते, घासतच राहिले. 

त्यांचं दुखणं मला कळत होतं. आमच्याकडे रक्ताचा जाब एक घर दुसऱ्या घराला विचारतं. एकाच घरात कुणी कुणाला विचारायचं? रोदान्थीनं आपल्या एका मुलाचा जाब दुसऱ्या मुलाला विचारायचा? गोळी सरळ गेली असेल, तर तिच्या स्त्रातिसनं तिच्या सिफिसला मारलं. गोळी वळली असेल, तर मी मारलं. तिनं दुसरं निवडलं. मीही तेच निवडलं असतं.

"ताईत गोळी वळवत नाही," मी म्हटलं. तोंडातून निघताना दात उपटल्यासारखं झालं.

आन्द्रुलिस हसला. "आज वळवत नाही? आणि इतकी वर्षं?"

"तुझ्या गळ्यात आहे तोही माझाच आहे. एवढी खात्री आहे की तो लोकांना मारतो, तर काढून ठेव इथे टेबलावर."

त्याचा हात गळ्याशी गेला, आणि तिथेच राहिला. "ते वेगळं," तो म्हणाला.

"आणि सिफिसच्या गळ्यात नव्हता का?"

"त्याचा साधा होता. तुझ्या नातवाचा जोरदार केला असशील."

 मी त्याला राकी दिली नाही. आमच्या घरातून कोरड्या तोंडानं उठलेला तो पहिला माणूस.

पाद्रीबाबा मध्ये पडले. जुन्या लोकांत एक रीत होती: ताईत खरा की खोटा हे बघायचं असेल तर तो बोकडाच्या गळ्यात बांधायचा आणि बोकडावर गोळी झाडायची. पाद्रीबाबांना ती रीत पसंत नव्हती, पण माणसावर झाडण्यापेक्षा बोकड बरा, असं त्यांना वाटलं असावं. रविवारी प्रार्थना झाल्यावर गाव वरच्या गोठ्यापाशी जमलं. मानूसोसनं स्वतःच्या गळ्यातला ताईत काढून बोकडाला बांधला. बंदूक घेतली आन्द्रुलिसनं.

बार झाला. मागच्या भिंतीतून धूळ उडाली. बोकडानं मान वर करून एकदा बघितलं आणि पुन्हा तुतीचा पाला खायला लागला.

सगळ्या गावानं छातीवर क्रूस काढला.

"आन्द्रुलिस," मी ओरडले, "तुला समोरचा डोंगर तरी लागला असता का रे!"

कुणी हसलं नाही. मी रोदान्थीकडे पाहिलं. ती स्त्रातिसच्या शेजारी उभी होती, आणि तिचा हात त्याच्या पाठीवर गेला होता. सिफिस गेल्यापासून तिनं त्याला हात लावलेला मी बघितला नव्हता. तो पोरगा खाली मान घालून उभा होता आणि त्या हाताखाली त्याची पाठ हलत होती. मला वाटलं, हे बघ अनेझिना, एका बोकडानं तिचा मुलगा तिला परत दिला. आणि तुझा नेला.

मानूसोस माझ्या कानाशी आला. "आज्जी, मी जातो. गारिफालियाला घेऊन जातो कुठेतरी. बोटीवर काम मिळेल."

"तुझ्या बापालाही बोटीवर काम मिळालं होतं," मी म्हटलं, आणि बोकडाकडे गेले.

गाठ सोडली. ताईत माझ्या गळ्यात घातला, काळ्या झग्यावर, सगळ्यांना दिसेल असा. बोकडाला ढकलून त्याच्या जागी उभी राहिले.

"बोकड झाला. आता म्हातारी."

"आज्जी!"

"गप. तुला विचारलं नाही. आणि आन्द्रुलिस, ती बंदूक तुझ्या हातात शोभत नाही. रोदान्थीला दे."

तिचा नवरा पायानं अधू, म्हणून लग्नानंतर घरात ससा मारून आणायची ती रोदान्थीच. द्राक्षांवरचे कावळे तिनं आमच्याही मळ्यातले मारलेत. गावात सरळ नेम एकच होता आणि तो कधी लग्नात हवेत वाया गेला नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पाद्रीबाबा म्हणाले, "अनेझिना, हे पाप आहे."

"बाबा, तुम्ही जरा बाजूला व्हा, उगाच मध्ये याल."

रोदान्थी पुढे आली. बंदूक तिनं घेतली, पण खाली धरून ठेवली. आमच्यामध्ये आता अंगणभर अंतर होतं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"मला तुझा जीव घ्यायला सांगतेस?"

"खरं काय ते बघायला सांगते. वळली, तर मानूसोस आजच गाव सोडेल, मी स्वतः त्याचं गाठोडं बांधीन. लागली, तर यापुढे माझ्या पोराचं नाव कुणी घ्यायचं नाही."

"लागली तर तू मरशील, बये."

"मग तुझ्या हातून मरेन. आन्द्रुलिसच्या हातून मरायचं तर पुढचा ईस्टर उजाडेल."

तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग तिचा चेहरा पुन्हा बंद झाला. तिनं बंदूक खांद्याला लावली.

आता ऐका. मरणाची मला भीती वाटली नाही, असं मी म्हणणार नाही. पण खरी भीती वेगळीच होती. गळ्यात तो ताईत होता. माझ्याच हाताचा, माझ्याच पेटीतल्या लाकडाचा. आणि मला वाटलं, हा चालला तर? खरंच वळली तर? ज्या गोष्टीनं मला चर्चमध्ये पुढची जागा दिली, ती खोटी निघू दे म्हणून मी देवाच्या आईची विनवणी करत होते. माझ्या सासूला मनातल्या मनात सांगत होते, सासूबाई, आजचा दिवस तुमचं लाकूड झोपू द्या.

बंदुकीचं तोंड काळं आणि गोल असतं. समोरून पाहिलं की ते कुठे बघतंय हे कळतं. ते माझ्या छातीकडे बघत होतं. ताइताकडे. मी हलले नाही. मग रोदान्थीनं श्वास सोडला.

डाव्या दंडावर कुणी लोखंडी कांब हाणली असं वाटलं. मी गुडघ्यावर आले. झग्याची बाही गरम होऊन चिकटली. गारिफालिया किंचाळत धावत आली आणि पोरीनं आपला नवा परकर टराटरा फाडला. मानूसोसनं राकी ओतली तेव्हा मात्र मी त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. त्या माझ्याही पिढ्या, हे नंतर लक्षात आलं.

"वळली!" आन्द्रुलिस ओरडत होता. "सगळ्यांनी पाहिलं! छातीवर होती, वळून दंडावर गेली! ताईत खरा आहे!"

लोक कुजबुजायला लागले. दोघीतिघींनी पुन्हा क्रूस काढला. मला भोवळ येत होती आणि वाटत होतं, गेलं. दंड गेला, आणि नातूही गेला. यांना माझं प्रेत दाखवलं असतं तरी म्हणाले असते, आत्म्याला लागायची होती, वळून अंगाला लागली.

"गप्प बस," रोदान्थी म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. आन्द्रुलिस गप्प बसला.

"मी दंडावर नेम धरला होता. धरला तिथे लागली." बंदूक तिच्या हातात तशीच होती. "गोळी वळत नाही. ज्यानं सोडली, त्याच्या हातून सरळ जाते."

 स्त्रातिस उभा होता तिथेच खाली बसला, त्याचा भाऊ बसला होता तसा. दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "आई," तो म्हणाला, "मी काही पाहिलं नव्हतं. मला काहीच दिसलं नव्हतं."

रोदान्थी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. मला वाटलं मारेल. मला वाटलं जवळ घेईल. तिनं बंदूक त्याच्यापुढे धरली.

"ऊठ. ही घे. मला आता जड होते."

दोघं उतारावरून खाली गेली, ती पुढे, तो मागे. त्या दिवसापासून मानूसोसचं नाव कुणी घेतलं नाही.

दंड भरला, पण हात खांद्याच्या वर जात नाही आणि बोटांत चिमूट धरवत नाही. डॉक्टर म्हणाला, म्हातारपणी एवढं चालायचंच. मी म्हटलं, बाबा, म्हातारपण काय बंदुकीतून येतं का?

चर्चमध्ये आता मी मागे बसते. कुणी बसवलं नाही, माझी मी गेले. तरी बाया कापड घेऊन यायच्या राहिल्या नाहीत. मी त्यांना परत पाठवते, हात दाखवते.

ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत रोदान्थी आली. दार न वाजवता, पूर्वीसारखी. कोर्टानं स्त्रातिसला आत पाठवलं होतं; तिथे आमच्या भागातले बरेच, आणि भावाला मारणाऱ्याशी ते कसे वागतात ते सगळ्यांना माहीत. ती स्टुलावर बसली, कंबरेच्या पिशवीतून काळ्या कापडाचा तुकडा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मी ओळखला. सिफिसच्या शर्टाची कॉलर होती.

"स्त्रातिससाठी," ती म्हणाली. "शिव."

"तूच म्हणालीस ना, वळत नाही?"

"शिव म्हटलं ना."

मी पेटी आणली. मेण चुलीवर मऊ केलं. सब्ज्याची काडी होती, लाकडाची ढलपी मी दातांनी तोडली. सुईत दोरा ओवला, पण कापड धरायला डावा हात चालेना. रोदान्थीनं स्टूल पुढे ओढलं आणि कापडाच्या कडा दोन्ही हातांनी जुळवून धरल्या. तिच्या बोटांमधून मी टाके घालत गेले. आमची डोकी जवळजवळ टेकली होती. तिच्या रुमालाला धुराचा आणि ऑलिव्हच्या पाल्याचा वास येत होता.

अर्धी बाजू झाल्यावर मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं.

"रोदान्थी, तू नेम कुठे धरला होतास गं?"

तिनं मान वर केली नाही. कापड घट्ट धरलं होतं, बोटांची टोकं पांढरी झाली होती.

"टाका सैल आलाय तुझा," ती म्हणाली. "उसव, आणि परत घाल."